'शि' नसलेली शिबंदी

रविवार एकच मिळतो. बाकीचा आठवडा वाघोडियाच्या कारखान्यात आणि येण्याजाण्याच्या रस्त्यावर संपतो. तो एकुलता रविवारही बाबांनी मागून घेतला तेव्हा मी आधी चिडलोच. पण दोन-तीन दिवस ते धड जेवले नव्हते, आणि त्याला कारण माझीच मुलगी. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती गडावरच्या युवा शिबिराला गेली होती. तिथून तिने जुन्या खोल्यांवरच्या एका पाटीचा फोटो पाठवला. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'कैदखाना', आणि खाली तिचं वाक्य : "आजोबा, तुमचा जन्म जेलमधला? कधी बोलला नाहीत!"

बाबांचा जन्म खरोखर त्याच खोल्यांतला. वाघोडियाच्या पुढे टेकडीवर असलेला तो लहानसा गड कुणा ठाकोर जहागीरदाराने बांधला आणि पुढे बडोदे संस्थानाकडे आला. त्यावर राजा असा कधी राहिलाच नाही. राहिली ती शिबंदी, म्हणजे संस्थानाने पगारावर ठेवलेले शिपाई. चोरदरोडेखोरांना आळा घालायचा, खालच्या गावांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. माझे आजोबा त्यांतले एक. संस्थान विलीन झालं, शिबंदी मोडली, आणि पाच वर्षांचे बाबा आईचं बोट धरून गड उतरले. पुढे त्यांची सगळी हयात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. गडावर आधी जंगलखात्याचं सामान पडून राहिलं, मग वटवाघळं आली. आता एका ट्रस्टने रंगरंगोटी करून, झाडांना दोर आणि शिड्या टांगून तिथे पोरांची शिबिरं सुरू केली आहेत. करू देत. वटवाघळांपेक्षा पोरं बरी. माझं भांडण त्या पाटीशी होतं.

"एवढी पाटी बदलून घे," बाबा गाडीत म्हणाले. "नातीला वाटतंय, पणजोबा कैदी होते. मी गेल्यावर तिला सांगणार कोण?"

वर पोचल्यावर घोटाळा कळायला वेळ लागला नाही. दारावरच्या दगडात 'शिबंदी खोल्या' अशी अक्षरं कोरलेली होती. त्यातल्या 'शि'मधून एसीचा पाइप आत गेला आहे. उरलं 'बंदी खोल्या'. बंदी म्हणजे कैदी, हे गुजरातीतही कळतं. शिबंदी मात्र आता बडोद्यातल्या मराठी घरांतसुद्धा कुणाला ठाऊक नसते. पेशवाईत 'ध'चा 'मा' करायला निदान डोकं चालवावं लागलं होतं, इथे ड्रिल मशिनवर भागलं.

मी भांडायच्या तयारीने ऑफिसात शिरलो. मॅनेजर माझ्या निम्म्या वयाचा, आणि इतका गोड की रागाला पाय ठेवायला जागा मिळेना. पाणी दिलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"काका, वात साची छे," तो म्हणाला. "पण छोकरांओने जेल ज गमे छे. आ रूम सौथी पहेली भराय छे."

माझं म्हणणं खरं, पण पोरांना जेलच आवडतं, ही खोली सगळ्यांत आधी भरते, मग शिपाई कशाला? तरी ट्रस्टींना विचारतो म्हणाला. मी नोकरदार माणूस आहे. वरच्यांना विचारतो म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. आवाज चढवावा असं मनात आलं, पण अंगात जीवच नव्हता. चहा पिऊन उठलो.

बाहेर बाबा खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि नव्या शिबिरातल्या मुलींनी त्यांना घेरलं होतं.

"दादा, तमारो जन्म अहीं? जेलमां?"

"हा, अहीं ज," बाबा म्हणाले. हो, इथेच.

"तमारा पप्पाए शुं करेलुं?" वडिलांनी काय केलं होतं, म्हणजे गुन्हा कोणता?

बाबांना तो प्रश्न सरळच वाटला. "नोकरी," ते म्हणाले.

मुली खो खो हसल्या. एकीने टाळ्या वाजवल्या. म्हातारा काय फिरकी घेतो! मग खोलीतल्या खुंटीवरच्या प्लास्टिकच्या बेड्या आल्या, फोटोसाठी. एकीने अगदी अदबीने त्या बाबांपुढे धरल्या आणि आपला फोन माझ्या हातात दिला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. फोटो मीच काढला.

गाडी घाट उतरली. मग बाबा मनगट चोळत म्हणाले, "हलक्या होत्या रे. खऱ्या माझ्या वडिलांच्या कमरेला असायच्या, धरलेल्या चोरांसाठी. मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, शिबंदीच्या पोराच्या हाताला ह्या कधी लागता कामा नयेत."

गाडी परत वळवावी, असं फार वाटलं. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती. वळवली नाही.