ब्रेडच्या मशीनचं पातं कुणी नेलं?

तुम्ही कधी मनातल्या मनात कुणाला चोर ठरवलंय का हो? खरं सांगा. तोंडानं म्हणायचं, "चहात साखर किती घालू?" आणि डोळ्यांनी मात्र समोरच्याचा खिसा तपासायचा? मी तपासलाय. आणि कुणाचा, तर आमच्या शेजारच्या साळवे भाऊंचा! आता सगळं सांगते, तुम्ही हवं तेवढं हसा. घरातले हसून दमले, आता तुमची पाळी.

झालं असं, की आमच्या सोनलनं पुण्याहून ब्रेड बनवायचं मशीन पाठवलं. फोनवर म्हणाली, "मम्मी, बाहेरचा ब्रेड आणत जाऊ नको. यात पीठ, पाणी, यीस्ट टाकायचं, बटण दाबायचं. झालं!"

झालं म्हणे! मी आयुष्यभर भाकरी थापल्या. भाकरी कशी डोळ्यांसमोर फुगते, करपली तर लगेच वास येतो. हे मशीन झाकण लावून आत गुरगुरतं, मध्येच गप्प बसतं, मध्येच टूं टूं करतं. आत काय चाललंय कुणाला ठाऊक? मला त्याचा पहिल्या दिवसापासून संशय. मी आपली समोर स्टूल टाकून बसायची.

आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत. ते म्हणाले, "आमचा सुपरवायझर पण मशीनवर एवढी नजर ठेवत नाय."

"तुमची मशीनं उघडी असतात. हे झाकलेलं आहे."

"मग काय, पळून जाणाराय का ते?"

आमचं बजाजनगर म्हणजे घराघरात कुणी फिटर, कुणी टर्नर. गल्लीत नवीन मशीन आलं, की नवी सून आल्यासारखं बघायला येतात. सगळ्यांत आधी आले साळवे भाऊ आणि लताबाई. त्यांची आमची भिंत एकच. लताबाईचं काय सांगू! माझं ऑपरेशन झालं तेव्हा सख्ख्या बहिणीला यायला जमलं नाही. दवाखान्यात रोज येऊन माझी वेणी घातली ती लताबाईनं. विहारात आम्ही जोडीनं जातो, बाजारात जोडीनं जातो. एक दिवस ती दिसली नाही तर मला जेवण गोड लागत नाही.

भाऊ रिटायर्ड फिटर. माणूस देवासारखा, पण लोखंडाचा तुकडा दिसला की हात थांबत नाही. रस्त्यात पडलेला नट उचलतील, फुंकर मारतील, खिशात टाकतील. घरी डबेच्या डबे भरलेत.

मशीनच्या आत एक डबा असतो आणि डब्याच्या तळाला पीठ मळणारं एक छोटं पातं. भाऊंनी बरोबर तेच उपसून हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"वा! फिनिशिंग बघा ताई. लई भारी काम हाय. असला पीस आपल्याकडं असता तर..."

एवढं बोलून त्यांनी ते जागेवर ठेवलं. ते "तर" तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर मात्र असं डोक्यात बसलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्यासाठी ब्रेड केला. दुपारी दोघांनाही बोलावलं. मशीन वाजलं, मी डबा उलटा केला आणि ब्रेड धप्पकन बाहेर आला. याआधीच्या प्रत्येक ब्रेडला खालून भोक पडलं होतं. पातं डब्यात राहायचं आणि ब्रेडला खड्डा. या खेपेला खड्डा नाही, काही नाही!

"बघा लताबाई, तुमच्या पायगुणानं आज अगदी सबंध निघाला!" मी कौतुकानं म्हटलं.

ब्रेड गुंडाळायला स्वच्छ फडकं आणायला मी आतल्या खोलीत गेले. लताबाई माझ्या मागोमाग आली. म्हणजे स्वयंपाकघरात एकटे कोण? भाऊ. मग ते दोघं ब्रेड घेऊन गेले. भाऊंचा एक हात खिशात होता. हे मला नंतर आठवलं. संशय आला की माणसाला किती आठवतं नाही?

संध्याकाळी डबा धुवायला घेतला, तर तळाला पातंच नाही! मोरीत बघितलं, कचऱ्याच्या डब्यात बघितलं, पिठाचा डबा परातीत पालथा केला.

हे म्हणाले, "जाईल कुठं? त्याला काय पाय हायेत?"

"पाय नाहीत. पण खिसा असतो माणसाला."

"कुणाला?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण फिटर माणसाचा हात..."

"येडी झालीस का? भाऊ?"

"नाव तुम्ही घेतलंत हं!"

रात्रभर मी स्वतःला समजावलं. नसेल नेलं. नेलं असेल तर बघायला नेलं असेल, आणून देतील. सकाळी भाऊ दारातल्या ओट्यावर बसले होते. एरवी मला बघितलं की लांबूनच ओरडायचे, "काय ताई, मशीन काय म्हणतंय?" त्या दिवशी ओठ घट्ट मिटलेले, एक हात गालावर. मला बघितलं आणि उठून आतच गेले!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

मी घरात गेले, डब्यातून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि तडक त्यांच्याकडं. "घ्या भाऊ." भाऊंनी दोन्ही हात हलवून नको नको केलं. तोंडातून शब्द नाही. चिक्की म्हणजे भाऊंचा जीव की प्राण! म्हटलं, बघा, आता आमच्या घरचं खायला मन धजेना.

लताबाई घाईघाईनं मध्ये आली. "त्यांचं पोट बरं नाय ताई."

पोट बरं नाही आणि हात गालावर?

"ब्रेड कसा लागला?" मी सहज विचारलं.

नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. लताबाई म्हणाली, "लई... लई भरीव होता ताई."

मला भांडता येत नाही. कधी आलंच नाही. मी आपलं खाली बघून म्हटलं, "माणसाकडून कधी कधी नकळत काही होऊन जातं. आपण मनात काही ठेवू नये."

"अहो, आम्ही काय मनात ठेवलं नाय!" लताबाई कळवळून म्हणाली.

ऐकलंत? वस्तू माझी गेली आणि माफ मला करायल्यात!

त्या दिवसापासून लताबाईच्या आमच्याकडं फेऱ्या सुरू झाल्या. आधी कढीपत्ता मागायला. मग चाळणी. मग म्हणे, तुमच्या घड्याळात किती वाजले? दर वेळी थेट स्वयंपाकघरात, आणि उजवी मूठ पदराखाली झाकलेली.

"तुम्ही बसा ना ताई. मी घेते माझ्या हातानं."

"नाही, मी देते."

"अहो, बसा की जरा! किती काम करता!"

मी कशाला बसते? मी तिच्या पाठीशी. ती ओट्याकडं सरकली की मी मध्ये. ती उजवीकडून आली की मी उजवीकडं. लहानपणी खोखो खेळले होते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पातं गेलं, आता डबा न्यायला आलीय! मग झाकण नेतील, मग वायर. भाऊ पक्के फिटर. एकेक सुटा भाग जमवून महिन्याभरात भिंतीपलीकडं अख्खं मशीन उभं करतील, आणि माझ्याच मशीनचा ब्रेड मला आणून देतील!

हसू नका. तेव्हा मला हे सगळं अगदी पटलं होतं.

मी मशीनला फडकं बांधलं, वर नाड्याची गाठ मारली आणि गाठीवर स्टीलचा तांब्या ठेवला. कुणी हात लावला की वाजायला पाहिजे. यांनी ते बघितलं. पेपर तोंडासमोर धरला. पेपर मात्र हलत होता.

पण कुढत किती दिवस राहायचं? इकडं मला जेवण जाईना. लताबाईशिवाय मी एकटीच बाजारात गेले आणि मेथी घ्यायची ती पालक घेऊन आले. म्हटलं, काय ते एकदा डोळ्यांनी बघू आणि मोकळं होऊ.

रविवारी दुपारी मी दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "अहो लताबाई, मी किराण्याला जाऊन येते. दार नुसतं लोटलंय!"

पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, मागच्या बोळातून परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारामागं जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं दार कुरकुरलं. पावलं आली. नाडा सुटल्याचा आवाज. आणि मग तांब्या खण्णकन खाली!

"सापडली!" मी एवढ्यानं ओरडले, की माझी मीच दचकले.

लताबाईचा हात मशीनच्या डब्यात होता. तोंड पांढरंफटक.

"मूठ उघडा," मी म्हटलं.

तिनं मूठ उघडली. आत माझं पातं!

आतल्या खोलीत झोपलेले हे पळत आले. तिकडून भाऊ पण आले, जबड्याला टॉवेल बांधलेला, एक गाल पुरीसारखा टम्म.

"बघा! रंगेहाथ!" मी म्हटलं.

लताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी काढू लागले नव्हते हो. घालू लागले होते!"

"म्हणजे?"

"हे तुमच्या ब्रेडातून निघालं. यांनी हौसेनं हातानं मोडून मोठा घास घेतला, अन् कट्टकन आवाज आला. दाढ गेली यांची!"

म्हणून त्या ब्रेडला भोक नव्हतं! भोक पाडणारं पातं आतच बसलं होतं आणि मी पायगुणाचं कौतुक करत होते.

"मग मला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? पोरीनं एवढ्या मायेनं मशीन पाठवलं. कळलं असतं तर तुम्ही परत हात लावला असता का त्याला? हेच म्हणाले, ताईला वाईट वाटंल, गुपचूप जागेवर ठिवून ये. चार दिवस झाले येऊ लागले, पण तुम्ही बसायलाच तयार नाय!"

भाऊंनी टॉवेलातून मान हलवली.

तेवढ्यात लताबाईनं डोळे पुसले, माझ्याकडं नीट बघितलं, हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं आणि विचारलं, "पण ताई, तुम्ही तर किराण्याला गेल्या होत्या. दारामागं काय करू लागल्या?"

मी वाकून खाली पडलेला तांब्या उचलला आणि पदरानं पुसायला लागले.

हे म्हणाले, "सांग की आता."

मला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नाही ना येत. सगळं सांगितलं. खिसा, "असता तर", सुटे भाग, भिंतीपलीकडचं मशीन, सगळं. भाऊंना हसू आलं, पण हसताना दाढ ठणकली म्हणून ते कळवळले. लताबाई हसली नाही. तिनं पातं ओट्यावर ठेवलं, पदर सारखा केला आणि निघून गेली. भिंतीपलीकडून संध्याकाळभर भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न विचारताच रिक्षा बोलावली आणि भाऊंना क्रांती चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. लताबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि अख्ख्या वाटेत बाहेर बघत होती. डॉक्टरांनी दाढ बघितली आणि विचारलं, "कशानं तुटली एवढी?" मी तोंड उघडायच्या आत लताबाई म्हणाली, "सुपारीनं." मग डॉक्टरांनी या वयात सुपारी खाण्यावर मोठं भाषण दिलं, आणि जन्मात सुपारीचं खांड न चाखलेल्या भाऊंनी ते तोंड उघडं ठेवून, माझ्यासमोर, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.