यंत्राला ऐकू येत नाही

बाळ्या,

साठी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणू नये, असं तुझी बायको म्हणते. वागणं बदल, हाक बदलेन. फोनवर तू सगळ्यालाच "हो, हो" म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. आणि "तू असं केलंस" म्हटलं की लगेच भांडायला उठतोस, म्हणून इथून पुढे तुला "तो" म्हणते नि स्वतःला "ताई". परक्याची गोष्ट समजून वाच.

तर तो कान तपासायचा. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत. काचेपलीकडे पेशंट हेडफोन लावून बसे, अलीकडे हा यंत्राच्या चकत्या फिरवी. "आवाज कितीही बारीक असो, आला तर बटण दाबा. नाही आला तर दाबू नका. इथे पास-नापास नसतं." घरी पाहुणे आले की पाण्याआधी व्याख्यान: "बहिरेपण दोन जातींचं. एक दाराशीच अडतं. मळ, पडद्याला भोक, असलं काही. दुसरं आतल्या नसेचं. दारातलं निघतं, नसेचं जात नाही." दोन्ही एकत्र असलं तर, असं विचारायची सोय नव्हती. जेवण गार व्हायचं.

रोज सकाळी पेशंट यायच्या आधी तो स्वतः हेडफोन लावून एकेक सूर ऐकायचा. यंत्र नीट चालतंय ना, हे बघायची ती रीत. एके सकाळी वरचे, चिवचिव करणारे सूर त्याला ऐकूच आले नाहीत. दुसरा कुणी असता तर चरकला असता. ह्यानं ठरवलं, यंत्र बिघडलं.

यंत्र दुरुस्तीला गेलं आणि ठणठणीत असल्याचा निरोप घेऊन परत आलं. ह्यानं पुन्हा धाडलं. वर दुरुस्तीवाल्याला ऐकवलं, "हल्ली कुणाला कामाची चाडच उरली नाही!" नाचता येईना, अंगण वाकडं. इकडे बाकावर पेशंट ताटकळत आणि डॉक्टर खेकसत.

यंत्र दुसऱ्यांदा परत आलं त्या दुपारी ताई स्वतःचे कान दाखवायला गेली. आत बसली. चिवचिव आली, तिनं बटण दाबलं.

"ताई, उगाच दाबू नकोस," काचेपलीकडून माइकवर त्याचा आवाज आला. "त्या सुरात यंत्र बंद आहे."

"मला येतंय ना ऐकू!"

"वयानं कान वाजतात गं."

"वाजतात? ऊठ. तू बस आत."

बहिणीपुढे डॉक्टरांचंही चालत नाही, ह्याचं काय चालणार? तो हेडफोन लावून बसला. चकत्या कशा फिरवायच्या, हे ताईला व्याख्यानांतून पाठ होतं. तिनं खालचे सूर दिले; त्यानं बटण दाबलं, यंत्रावरचा दिवा लागला. वरचे दिले, तरी दिवा लागला. ताईला वाटलं, चला, चूक आपलीच. पण स्वभाव संशयी. तिनं आवाज पार बंद केला आणि चकतीवर नुसता हात ठेवून बसली. दिवा लागला. जरा वेळानं पुन्हा लागला. किती थांबून पुढचा सूर द्यायचा, तो ठेका इतक्या वर्षांत त्याच्या बोटातच उतरला होता. कानांची गरजच नव्हती.

"आवाज बंद होता," ताई म्हणाली.

तो बाहेर आला. हेडफोनची वायर नीट गुंडाळली. "मळ असेल."

ताईनं खणातून ट्यूनिंग फोर्क काढला, तो दोन टोकांचा पोलादी चिमटा. गुडघ्यावर आपटून त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला. "मोठा कुठे ऐकू येतो?"

हाडावर म्हटलं असतं, तर दोष दाराशीच आहे असं ठरलं असतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"हवेत," तो म्हणाला.

त्या एका शब्दासाठी ताईनं त्याला निम्मं माफ केलं. निम्मंच.

"पेशंटला ऐकलेले शब्द परत म्हणायला लावतोस आणि चूक-बरोबर तू ठरवतोस. कुठल्या कानांनी? ती हळू आवाजाची शिक्षिका आठवते? तिचे निम्मे शब्द चुकले म्हणालास. चुकले की तुला आले नाहीत?"

"बोलावतो तिला परत," तो म्हणाला. "आधी माझं बघून घेतो."

दुसऱ्या सकाळी यंत्र तिसऱ्यांदा दुरुस्तीला! तक्रार काय, तर "बटणात बिघाड. आवाज नसताना दिवा लागतो."

दुरुस्तीवाल्यानं कपाळाला हात लावला असेल. "साहेब, आता तुम्हीच या," तो फोनवर म्हणाला. "समोर लावून दाखवतो."

येत्या शुक्रवारी दोघा भावंडांनी मिळून जायचं ठरलं. यंत्र आणायचं, दुरुस्तीवाल्याची माफी मागायची, आणि तिथेच ह्याचे कान तपासायचे. शुक्रवारी ह्याचा गुडघा धरला. पुढच्या शुक्रवारी व्याही आले. मग शुक्रवारच संपले.

बाळ्या, ती शिक्षिका परवा भेटली. दोन्ही कानांत ऐकायची मशिनं. "सगळं फार मोठं ऐकू येतं हो," म्हणाली, "डोकं उठतं. पण तुमच्या भावानं तपासलंय म्हणजे बरोबरच असणार."

दुरुस्तीवाल्याच्या दुकानातल्या फळीवर तुझं यंत्र अजून तसंच आहे. मी तयार होऊन बसले होते. तू आला नाहीस.