आजीवन बंदी संपली का, हे विचारायला पनवेलला

यजमान जाऊन चार महिने झाले तेव्हा मी पनवेलला जायचं ठरवलं. पनवेलजवळच्या एका गावच्या कबड्डी मंडळाचे ते नावाजलेले चढाईपटू. एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला पैसे घेऊन मुद्दाम रेषेबाहेर पाय टाकला, असा आरोप झाला आणि मंडळाने आजीवन बंदी घातली. आमचं लग्न त्यानंतरचं. "मी काही केलं नाही, गावाने दार लावलं," एवढंच ते सांगायचे.

मंडळाच्या व्यायामशाळेत वारलेल्या खेळाडूंचे फोटो लावतात. मला वाटलं, बंदी आजीवन होती, जीव गेला, आता लावतील.

महाडहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. रस्ता कुठे छान, कुठे अजून खोदलेला. पाठ दुखत असेल तर मागे बसू नका. पेणला बस थांबते. मी फक्त चहा घेतला. मांडीवरची गुंडाळलेली फ्रेम बघून शेजारच्या बाईंनी विचारलं, "कंचा देव हाय?"

"देव नाही. आमचे हे."

मग त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. कर्नाळ्याला पक्षी बघायला निघालेली, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी उतरली आणि थोड्या वेळात पनवेल आलं. स्टँडवरून गावापर्यंत शेअर रिक्षा मिळते, तीस रुपये. भातखाचरं राहिली नाहीत, टॉवर झालेत. व्यायामशाळा मात्र कौलारूच.

आत मंडळाचे चिटणीस होते आणि यजमानांच्या संघातले काशिनाथदादा. ते आता समोरच्या टॉवरवर वॉचमन आहेत. तो सामना जिंकला असता तर त्यांना खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागणार होती.

चिटणीस म्हणाले, "दादा, मानूस गेला, बंदी पन गेली. लावू फोटो."

"तुजा काय जातंय? तू तर राखीव खेलाडू व्हतास. बसूनच म्हातारा झालास."

मग दादा माझ्याकडे वळले. "वयनी, बसा. बंदी घातली तवाच आमी त्याला सांगितलेला, गावासमोर एकदा बोल, चुकलो. त्याच दिवशी बंदी उठवतो. दर वरसाला स्पर्धेच्या आधी मी फोन करायचो."

ते फोन मला आठवले. हे उठून अंगणात जायचे. गावचे शिव्या देतात, म्हणायचे.

"फोनवर काय बोलायचे ते?" मी विचारलं.

"बोलायचा, केला मी. पन आता बायकोला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "त्यांच्या वतीने मी म्हटलं, चुकलो, तर चालेल?"

"तुमी कशाला, वयनी? तुमी थोड्याच व्हता मैदानात."

दादा अगदी मायेने बोलले. घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी जेवले. फ्रेम तशीच परत घेऊन, दुपारची गाडी धरून अंधाराच्या आत महाडला पोचले.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर एका दिवसात होतो. आम्ही दोघांनी तो कधीच केला नाही. चार महिने मी गावाने टाकलेल्या माणसासाठी रडत होते. गावाने त्यांना टाकलंच नव्हतं. ते मला घाबरत होते. मला खरं सांगितलं असतं, तर मी त्यांच्याबरोबर गेले असते. त्यांचं बोलून होईपर्यंत मैदानाच्या कडेला उभी राहिले असते.