मामानं देल्लेला गूळ

मी शाळेत दोनच दिवस गेलो. एक दिवस नाव लिवाले, दुसऱ्या दिवशी मार खायाले. मंग फरशी बसवाच्या कामाले लागलो, सख्ख्या मामाच्या हाताखाली. मामा भंडाऱ्यात नावाजलेला मिस्त्री. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडते. पहिल्याच दिवशी मामा साऱ्यायसमोर माह्या पाया पडला आन् हातात फरशी कापाची मशीन देल्ली. मी असा फुगलो का मशीनचं बटन कुठं हाये तेही इचारलं नाही.

फरशी सुकीच कापाची, हा मामाचा कायदा. पाणी टाकलं का चिखल-गारा होते, काम मागं पडते. धूळ अशी उडे का संध्याकाळी बायको मले वळखे नाही. मी म्हणो, "तुले गोरा नवरा पायजे होता ना? घे!"

सुट्टीच्या टायमाले मामा खिशातून गुळाचा खडा काढे. "खाय भाचेराव. छातीतली धूळ सारी पोटात उतरते." मी असा शहाणा का दोन खडे मांगो. मामा सोता कधी खाये नाही. मले वाटे, बिचारा माह्यासाठी मन मारते.

अशी दहा-बारा वर्सं गेली. एक दिवस सिमेंटची थैली घेऊन जिना चढलो त मधातच बसलो. खोकला थांबे ना. डाक्टरनं छातीचा फोटो काढला, इचारलं, "काम काय करता?"

"फरशी खातो, साहेब."

तो हसला नाही. "धूळ फुप्फुसात बसली आहे. ती आता निघत नाही. हे काम सोडा."

"पन मी रोज गूळ खातो ना!"

"गूळ पोटात जातो हो. धूळ श्वासातून जाते."

घासाची वाट येगळी, श्वासाची येगळी, हे गोठ्यातल्या बैलालेही मालूम असन. मलेच नोयतं.

तसाच करडीले गेलो, मामाच्या गावाले. बसमध्ये बसून चांगल्या चांगल्या शिव्या जमा केल्या. मामाच्या नव्या घरात फरशी बसवाचं काम चालू होतं. मामा सोताच कापत होता. मशीनवर नळीनं पाण्याची धार, तोंडाले ओला दुपट्टा. धूळ नावाले नाही.

"मामा, तुमाले मालूम होतं?"

मामानं दुपट्टा खाली केला. "घरात नातू हाये ना गा. लहान हाये, खोकलते."

"आन् मी?"

"तू कधी पाणी मांगतलं का?"

शिवी तोंडात आली, पन खोकला तिच्या पयले आला. दम लागून मी खालीच बसलो. मामा धावत आला. मले वाटलं उठवाले आला.

"अबे, ओली हाये ते फरशी! आत्ताच बसवली!"

मी उठलो. फरशी खरंच सरकली होती. खोकलत खोकलत वाकलो, आन् बराबर करून देल्ली.