उसवलेलं बदक

आत्याची उभी हयात एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात गेली. वरच्या मजल्यांवर फाटलेली चादर, सिगारेटने जळलेला टेबलक्लॉथ, कुणा पाहुण्याच्या कोटाचं निखळलेलं बटण, असं सगळं लिफ्टने खाली तिच्यापुढे येऊन पडायचं आणि संध्याकाळपर्यंत धडधाकट होऊन वर जायचं. पाहुण्यांनी तिला कधी पाहिलं नाही, तिनेही त्यांना पाहिलं नाही. पण कोण झोपेत लाथा झाडतं आणि कोण जेवताना तोंडापेक्षा मांडीला जास्त भरवतं, हे तिला कापडावरून कळायचं. लग्न तिने केलं नाही. "जमलं नाही," एवढंच म्हणायची, आणि कुणी पुढे खोदून विचारलं की सुई ओठांत धरायची. तोंडात सुई असलेल्या बाईला कोण बोलायला लावणार?

नोकरी संपल्यावर ती किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होती. खाली दिवसभर यंत्र किंचाळायचं. लोक म्हणायचे, एवढा आवाज कसा सहन करता? आत्याला तो आवाज नसला की जड जायचं. रविवारी दुकान बंद असायचं, आणि त्या दिवशी घर नुसतं खायला उठायचं.

तिची माणसं म्हणजे एकुलत्या एका भावाचं घर. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेला त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. मागे वहिनी आणि भाचा. या घराला नाताळात आत्या दिसायची ती जिन्याच्या कठड्यावर. म्हणजे असं, की हॉटेलने एकदा दिवाणखान्याचा लाल मखमली पडदा काढून टाकला होता, तो तिने मागून घेतला आणि त्यातून प्रत्येकासाठी भेटवस्तू ठेवायचा एकेक लांबलचक मोजा शिवला. नाव घालायचं नाही, चित्र भरायचं, असं तिने ठरवलं होतं. भावाच्या मोज्यावर घड्याळ, तेही काटे नसलेलं, कारण जगाची घड्याळं चालू करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात एकही धड चालत नव्हतं. वहिनीच्या मोज्यावर झाकण उडालेली किटली. वहिनी त्या वर्षी हसल्या, आणि अर्थ पुढच्या वर्षी लक्षात आल्यावर रुसल्या. भाच्याला लहानपणी नाताळात हत्ती हवा होता, त्याला हत्ती मिळाला.

मग भाच्याचं लग्न झालं आणि भाचसून आली. ती पोहायला शिकवायची. केस सदा ओले, नाक सदा वाहतं, आणि चालताना पाय बाहेर टाकायची सवय. आत्याने तिच्या मोज्यावर पिवळंधमक बदक भरलं, डोक्यावर निळी टोपी घातलेलं.

"मी अशी दिसते?" ती म्हणाली.

"दिसत नाहीस. चालतेस."

तेव्हापासून सगळे तिला बदकच म्हणायला लागले, आणि तीही ओ द्यायला लागली.

पण भाचसुनेचं खरं येणंजाणं कठड्यावरच्या मोज्यापुरतं नव्हतं. दर रविवारी सकाळचा वर्ग आटोपला की ती तशीच ओल्या केसांनी आत्याकडे यायची. कोचावर अंग टाकायची, पुढ्यात येईल ते खायची, पोहण्याच्या तलावावर कोण बुडता बुडता वाचलं आणि कोण वाचता वाचता बुडायला निघालं त्याच्या गोष्टी सांगायची. आत्याची नजर अधू होत चालली होती. सुईच्या डोळ्यात दोरा जाता जात नसे. जाण्याआधी बदक आठवडाभर पुरतील एवढ्या सुया रंगारंगाचे दोरे ओवून उशीत टोचून ठेवायची. सख्खा भाचा वर्षातून एकदा उगवायचा. ही परक्या घरची पोर मात्र रविवार चुकवायची नाही.

भाचा आणि बदक, त्या दोघांचं पटलं नाही. भांडण नाही, तंटा नाही; सरळ वेगळे झाले. वहिनींनी ते आत्याला फोनवर सांगितलं, खोकल्याचं औषध आणि गळका नळ यांच्या मधे. "आजकालची मुलं, वन्सं. आपण काय बोलणार?" भांडी कुणाची, कपाट कुणाचं, याची वाटणी झाली. आत्या कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. रविवार बंद झाले. उशीतल्या ओवलेल्या सुया हळूहळू संपल्या आणि आत्या दोरा ओवायला सकाळच्या उन्हात खिडकीशी बसू लागली.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, नाताळ महिन्यावर आला असताना, भाचा स्वतः जिना चढून आला. हातात पिशवी होती.

"आत्या, लग्न करतोय मी. साधंच, कचेरीत. कळलं असेल तुला."

"वहिनी बोलल्या. छान झालं रे."

त्याने पिशवीतून मोजा काढून टेबलावर ठेवला. बदक अगदी टवटवीत होतं.

"हे उसवून दुसरं काहीतरी काढशील? आई म्हणते, सगळे एकाच कापडाचे आहेत, एक वेगळा झाला तर कठड्यावर खटकेल."

"तो पडदा कधीच संपला. तसलं कापड आता मिळायचं नाही."

"म्हणूनच तर." तो जरा घुटमळला. "तुला जिवावर येत असेल तर राहू दे."

"उसवायला काय जातंय?" आत्या म्हणाली. "जन्मभर तेच केलं."

पण तो गेल्यावर कात्री हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी तिने बदकाच्या डोक्यावरची निळी टोपी तेवढी उसवली. मखमलीची लव चेपली होती, आणि टाक्यांच्या जागी बारीक बारीक भोकं दिसत होती. तिने कात्री ठेवून दिली, कोट चढवला आणि बस धरून तलावावर गेली.

आत काचांवर वाफ धरली होती. औषधाच्या पाण्याचा तो वास नाकात गेला आणि आत्याला आपला कोचच आठवला. बदक काठावर उभी राहून पोरांना श्वास सोडायला शिकवत होती. आत्याला पाहून तिने शिट्टी तोंडातून काढली. वर्ग संपल्यावर दोघी कपाटांच्या रांगेसमोरच्या बाकावर बसल्या.

"तुम्ही बऱ्या आहात ना, आत्या?" मग तीच म्हणाली, "आता आत्या म्हणायचं का, तेच कळत नाही मला. म्हणून यायचंच टाळलं. आल्यावर हाक काय मारायची?"

"हाक न मारता आली असतीस तरी चाललं असतं."

बदक मान खाली घालून टॉवेलचं टोक पिळत राहिली. आत्याने मोज्याचं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

"उसवा," बदक म्हणाली. "तिचा काय दोष? तिला बिचारीला कठड्यावर जागा नको?"

"तुला हवा असेल तर देते तुला. त्यांना सांगेन, उंदरांनी खाल्ला."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "नको. भाड्याच्या खोलीत मी तो कुठे टांगू? आणि टांगला तर रोज दिसेल. मी गाव सोडतेय, आत्या. नवीन वर्षात. दुसरीकडे मोठा तलाव आहे, तिथे काम मिळालंय."

"जाण्याआधी येशील?"

"येईन ना."

आत्याने घरी येऊन बदक उसवलं. घाई केली नाही. चोच, मान, पोट, शेपूट. एकेक टाका उलट्या बाजूने सोडवून दोरा जपून ओढला. किटलीच्या वाफेवर मखमल धरून ब्रशने लव उठवली. नव्या सुनेसाठी काय काढावं, हे वहिनींना फोनवर विचारलं.

"ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते," वहिनी म्हणाल्या.

"मग चष्मा लावलेलं घुबड काढते."

"वन्सं, पहिल्याच नाताळात सुनेला घुबड म्हणायचं?"

तेव्हा जहाज ठरलं. भरल्या शिडांचं मोठं जहाज, कारण बदकाचं पोट झाकायला तेवढं कापड व्यापणं भाग होतं. शेपटीच्या जागेवर लाट आली. चोच मात्र शिडाच्या बाहेर राहिली. तिथे काही भरलं तर चित्र बिघडत होतं; आत्याने ती भोकं नखाने घासून मिटवली, जेवढी मिटली तेवढी.

उसवलेला पिवळा दोरा नागमोडी झाला होता. तो फेकवेना. तिने त्याच्या लडीवर वाफ दिली, भिंतीवरच्या दोन खिळ्यांना ताणून वाळवला, आणि पांढऱ्या जाड कापडाच्या तुकड्यावर तळहाताएवढं बदक भरलं. आत कापूस, वर टांगायला नाडी. बराच दोरा उसवताना तुटला होता, उरलेला जेमतेम पुरला. शेपूट आखूड झाली.

नाताळ तोंडावर आला तरी बदक आली नाही. आत्या पुन्हा बस धरून तलावावर गेली. तिकीट देणाऱ्या बाईने काचेआडून मान हलवली.

"त्या मागच्याच आठवड्यात गेल्या. तिकडे लवकर बोलावलं म्हणे."

"काही सांगून गेल्या का? कुणासाठी निरोप?"

"माझ्याकडे तरी नाही. तुम्ही त्यांच्या कोण?"

"ओळखीची," आत्या म्हणाली.

घरी येऊन तिने ते बदक खिडकीच्या कडीला टांगलं. लोकांच्या घरांसाठी तिने आजवर नाताळचं कितीतरी शिवलं होतं. स्वतःच्या घरात असं काही टांगण्याची ही पहिलीच वेळ. टांगून झाल्यावर खोली जास्तच रिकामी वाटली, पण तिने ते काढलं नाही.

नाताळच्या दुपारी ती भावाच्या घरी गेली. कठड्यावर मोजे ओळीने लटकले होते. भावाचाही होता, वहिनी तो दर वर्षी लावत आणि त्यात काही घालत नसत. जहाज सगळ्यांना आवडलं. भाच्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "आत्या म्हणजे आत्याच." नवी सून शांत, नीटनेटकी मुलगी होती. सगळे टेबलाकडे गेल्यावर ती आत्याजवळ मागे राहिली. मोजा काढून तिने उजेडात तिरका धरला.

"आत्या, इथे आधी दुसरं काही होतं का?"

कापड जुनं आहे, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलेही होते.

"बदक होतं," आत्या म्हणाली.

"तिचं."

"हो."

मुलीने चोचीच्या जागेवरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, माझ्यासाठी नवीन केलंत."

"जहाज तुझ्यासाठीच केलं गं. कापड तेवढं संपलं होतं."

"तुमच्यावर नाही राग माझा. मला कुणी सांगितलं नाही, एवढंच." मग तिने विचारलं, "तुम्हाला ती आवडायची?"

एवढ्या दिवसांत हे आत्याला कुणी विचारलं नव्हतं. वहिनींनी नाही, भाच्याने नाही. आणि विचारलं कुणी, तर हिने.

"फार," ती म्हणाली.

आतून वहिनींची हाक आली, सूप गार होतंय. मुलीने मोजा पुन्हा कठड्याला अडकवला, चित्राची बाजू पुढे केली आणि ती आत गेली. जेवताना ती सगळ्यांशी नीट वागली, आत्यालाही वाढलं, पण पुन्हा जवळ येऊन बसली नाही. निघताना मात्र कोट तिनेच आणून दिला. "सांभाळून जा," म्हणाली. परतीच्या बसमध्ये आत्याशेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहिली.

हिवाळा सरला. बदकाकडून काही आलं नाही. आत्याने वाट पाहिली, मग वाट पाहणं अंगवळणी पडलं, आणि मग कधीतरी सुटलं. खालचा किल्लीवाला आजारी पडला तेव्हा त्याचं दुकान आठवडाभर बंद होतं. त्या दिवसांत ती दुपारभर रेडिओ लावून ठेवायची आणि ऐकायची नाही.

उन्हं चांगली तापायला लागली होती तेव्हा एका सकाळी फोन वाजला. नवी सून होती.

"आत्या, आमच्याकडे बाळ येणार आहे. आई तुम्हाला सांगणारच आहेत, पण मला आधी बोलायचं होतं. बाळाला मोजा कराल?"

"करीन की. पण गं, ते लाल कापड…"

"लाल नको. एकाच रंगाचे दिसले नाहीत तर काही बिघडत नाही. आईंना मी सांगेन." मग म्हणाली, "फक्त त्यावर आधी काही नसावं."

"नसेल," आत्या म्हणाली. "कोरं कापड आणते."

त्याच दिवशी ती कापडाच्या दुकानात गेली. तिने एकामागून एक गठ्ठे उलगडायला लावले, कापड बोटांत चुरगाळून पाहिलं, दाराशी नेऊन उजेडात धरलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, मोजा शिवायचाय की तंबू?" शेवटी तिने जाड, गडद निळं लोकरी कापड घेतलं. त्यावर काय भरायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. ज्याला अजून कुणी पाहिलं नाही त्याचं चित्र काय काढणार?

रविवारी खालचं दुकान बंद होतं. आत्या खिडकीशी बसली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडात धरली. पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिने चष्मा पुसला, दोरा कापून नवं टोक काढलं आणि पुन्हा धरला.