मामांनी बांधलेला वूफरचा डबा

लाकडाला हात लावला आणि त्यातून होडी निघाली नाही, असं आमच्या हिच्या मामांच्या बाबतीत आजवर घडलेलं नाही. लग्नात त्यांनी आम्हाला पाट दिले, त्यांवर बसलं की माणूस डुलतो. देव्हारा करून दिला, तर त्याला पुढे होडीच्या तोंडासारखी अशी टोकदार नाळ काढली की अन्नपूर्णेसकट सगळे देव मासेमारीला निघाल्यासारखे दिसतात. सासूबाई कुरकुरल्या, तेव्हा मामा म्हणाले, "पूर आला तर बघ, तुझेच देव तेवढे वाचतील." मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांनी चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधल्या. मग फायबरच्या आल्या, आणि गेल्या चार वर्षांत होडी सोडाच, साधं वल्हं सांगायलाही कुणी आलं नाही.

तर मी गाडीत वूफर बसवायचं काढलं. वायरिंगवाला म्हणाला, तयार डबा पुण्याहून मागवू. मामा तिथेच चहा पीत होते. कप खाली आपटून म्हणाले, "पुण्याहून? तिकडे समुद्र तरी आहे काय? आणि आम्ही काय मेलो?" झालं! घरी मामींनी मला पडवीत गाठलं. "जावयबापू, करू दे हो त्यांना. वाकस-पटाशी, सगळी हत्यारं भंगारात घालायला निघालेत. म्हणतात, हा डबा नीट वाजला तर हत्यारं ठेवीन, नाहीतर संपलं." पुण्याचा नाद मी तिथेच सोडला.

वायरिंगवाल्याने मापं लिहून दिली, वर बजावलं की डब्यातून हवा गळता कामा नये. मामांनी 'गळता कामा नये' एवढंच घेतलं आणि कागदाची सुरळी करून कान कोरला. फणसाच्या फळ्या आणल्या, वाकवल्या, फटींत कापूस ठोकून वर राळ ओतली. आठ दिवसांनी बघतो तर डब्याला नाळ! मग म्हणे चाचणी. वूफरच्या भोकावर झाकण ठोकलं, वर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि डबा भाट्याच्या खाडीत सोडला. नेमकी ओहोटी. डबा नारळासकट निघाला की अरबी समुद्राला! मी छातीभर पाण्यात त्याच्यामागे धावतोय, आणि मामा काठावर नाचतायत, "बघा, बघा, जातोय कसा! थेंब आत जायचा नाही!"

वायरिंगलाही ते होतेच. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर नेली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, इथवर ठीक. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग नखाएवढा खरवडायचा, तर मामांनी पटाशीने पंजाएवढा खरवडला. नवी गाडी हो माझी! पण खरा घात पुढेच होता. लाकूड टिकावं म्हणून मामांनी सवयीने डब्याला माशाच्या तेलाचे दोन हात दिले. होडीला देतात तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती अकरा मांजरं. सिग्नलला थांबलो की दोन आणखी येत. हिने गाडीत पाय ठेवायचं सोडलं, आणि मी बारा दिवस काचा उघड्या टाकून हिंडलो.

पण वाजला! वायरिंगवाला डिकीत डोकं घालून म्हणाला, "साहेब, समोरासमोर सरळ भिंती नाहीत ना, म्हणून आवाज कोंडत नाही. झकास!" मला ते पुरेसं होतं. मामांना नव्हतं. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, हातोड्यांनी घालवलेला कान तो. ते डब्यावर तळवा ठेवून त्याची थरथर अजमावत बसले. मग म्हणाले, "तुम्ही घरचे. तुम्ही चांगलंच म्हणणार."

म्हणून मी मामांना बसवून गाडी थेट मिरकरवाड्याच्या धक्क्यावर नेली, डिकी उघडली आणि मृदंगाचं भजन लावलं. माशांचा लिलाव चालला होता, माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, पुढे आला. वूफरकडे त्याने बघितलंही नाही. वाकलेल्या फळीवरून बोट फिरवलं, सांध्यावर नख दाबून पाहिलं. "फणस ना हा? कुणी बांधलान हो?" मी मामांकडे बोट दाखवलं. मामा पुढे होऊन उगाच त्याच सांध्यावरची धूळ पुसायला लागले. तांडेलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पुन्हा लिलावाकडे गेला.

रात्रीच मामींचा फोन, हत्यारांना धार लावणं चाललंय, खरखरीने घर डोक्यावर घेतलंय. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! होडी सांगायला मात्र अजून कुणी आलेलं नाही, आता कुणी येईलसं वाटतही नाही. परवा मीच जाऊन दुसरा डबा सांगून आलो. गाडीत त्याला तसूभर जागा नाही, हे मला ठाऊक आहे आणि मामांनाही. त्यांनी फळी उचलली, डोळ्यासमोर धरली आणि एक डोळा मिटून तिचा बाक बघत राहिले.