पाण्यापलीकडची हिरवळ

सोलापुरातून पहाटे निघालो, बार्शीला दत्तादादाला गाडीत घेतलं आणि परांड्यावरून करमाळ्याकडे वळलो. दादा माझा थोरला चुलतभाऊ, साठीतला, शाळेतून निवृत्त झालेला. बंगळूरच्या नोकरीत मी गोल्फ शिकलो होतो, तो खेळ त्याला दाखवायचा होता. खरं तर मिरवायचं होतं.

उजनी धरणाच्या फुगवट्यालगत गोल्फचं मैदान असलेलं एक रिसॉर्ट आहे, तिथे पोचलो तेव्हा पाण्यावरचं धुकं विरत होतं. खायला चिलापीचं (धरणातला मासा) कालवण आणि ज्वारीची भाकरी मिळाली. दादानं दोनदा कालवण मागून घेतलं.

सगळे बोलतात ते सातव्या होलबद्दल. ते पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा. उभं राहायचं उंच खडकावर. समोर पाण्याची फाट, तिच्यात रोहित पक्षी एका पायावर उभे, आणि पलीकडे हिरवळीचा एवढासा तुकडा. त्याच्या उजव्या अंगाला एक बाई वाकून गवत खुरपत होती.

"थांब की जरा," दादा म्हणाला. "बाई हाय तितं."

"तिकडं नाही जात माझा चेंडू."

मागे चार खेळाडू उभे होते. नुसती हाक मारली असती तरी ती बाजूला झाली असती. मला त्या चौघांपुढे ओरडायचं नव्हतं. मी फटका मारला. चेंडू सुरेख उठला, मग उजवीकडे वळला आणि उन्हात दिसेनासा झाला.

मग काठी दादाच्या हातात दिली. त्याचा चेंडू काठाजवळच पाण्यात बुडाला. डोळ्यांवर ऊन असल्यानं त्याला काही दिसलं नाही.

"गेला का पलीकडं?"

"गेला," मी हसून म्हणालो.

काठाकाठानं वळसा घालून पलीकडे गेलो, तर ती बाई मनगट धरून बसली होती. शेजारी चेंडू पडलेला. मी उचलला. त्यावर ओळखीसाठी मी शाईनं काढलेले दोन निळे ठिपके होते.

दादा तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं हात जोडले. "माजाच चेंडू लागला, ताई. आज पयल्यांदाच काठी धरली हातात."

"असू द्या मामा. मुद्दाम का मारला तुमी?"

मी चेंडू खिशात टाकला.

शालनबाई तिचं नाव. तिला करमाळ्याच्या दवाखान्यात नेलं. हाडाला चीर गेली होती. कोपरापर्यंत प्लास्टर चढेस्तोवर दादा तिच्याजवळ बसून होता. डॉक्टरांनाही त्यानं सांगितलं, "माज्यामुळं झालं." मी भिंतीवरचे तक्ते वाचत राहिलो.

तिला गावात सोडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, तेव्हा कुठे मी दादाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "गाडी वळीव."

शालनबाई दारातच होती.

"बाई, चेंडू माझा होता," मी म्हणालो. "चुकून लागला."

तिनं माझ्याकडे नाही, दादाकडे पाहिलं. "मग मामा, तुमी कशापायी हात जोडलं?"

तिनं आम्हाला आत बसवलं, चहा टाकला. एकेक कप घेऊन आली. आधी दादाला दिला, मग माझ्यासमोर धरला.

"डाव्या हातानं देती सायेब, राग मानू नका."

मी खाली बघत तो चहा प्यायलो.

परत येताना दादाला बार्शीत उतरवलं. एरवी तो जेवल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी "सावकाश जा" एवढंच म्हणाला.

ती जागा कुणी विचारली तर मी सांगतो की फार देखणी आहे. हेही खोटं नाही. पण सोलापूरला पोचेपर्यंत माझाच एक शब्द मला टोचत राहिला, तो 'चुकून'. चेंडू माझा होता, हे मी तिला सांगितलं. फटका मारण्याआधीच ती मला तिथे दिसली होती, हे तिच्या घरात बसून, तिचा चहा पिऊनही मी सांगितलं नाही.